शंकासमाधान : वचनात रमावे कसे?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली पत्रे एकत्र वाचली, तेव्हा त्यांत एकच दुखणे निरनिराळ्या शब्दांत मांडलेले दिसले. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, नेमाने वाचणारे आपल्या मंडळ्यांत पुष्कळ आहेत, पण पहिल्या स्तोत्रातील धन्य पुरुष जसा परमेश्वराच्या नियमशास्त्रात ‘रमतो’, तसे आपण रमतो असे म्हणायला फार थोडे धजावतात. म्हणून या अंकात त्याच विषयावरील पाच पत्रे घेतली आहेत. पहिले उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढील उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : मी शाळेत शिक्षिका आहे. जानेवारीत आमच्या मंडळीने एका वर्षात संपूर्ण पवित्र शास्त्र वाचण्याचा संकल्प केला आणि घरोघरी छापील तक्ता दिला. मी पहाटे साडेचारला उठते, डबे करायच्या आधी तीन-चार अध्याय वाचते आणि तक्त्यावर खूण करते. फेब्रुवारीच्या मध्याला गणना हे पुस्तक संपत आले, पण खरे सांगायचे तर लेवीयपासून पुढचे मला काहीच आठवत नाही. खूण केली की हायसे वाटते, तोच काय तो आनंद. स्तोत्रकर्त्याला वचन मधाहून गोड लागते आणि मला मात्र ते शिळ्या भाकरीसारखे कोरडे लागते. माझ्या विश्वासातच काही खोट आहे काय?
(एक भगिनी, श्रीरामपूर)

उत्तर : प्रिय भगिनी, आपल्या विश्वासात खोट असती तर या कोरडेपणाची खंत आपल्याला वाटली नसती, कारण ज्याला भूकच नाही तो भाकरीबद्दल तक्रार करीत नाही. तरीही आपल्या पत्रातील एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. खूण केली की हायसे वाटते, असे आपण लिहिले आहे. वह्यांचा गठ्ठा तपासून संपला, निकालपत्रके भरून झाली, की शिक्षकाला असेच हायसे वाटते. काम हातावेगळे झाल्याचे ते सुख आहे आणि त्यात गैर काही नाही. मात्र ते वाचन संपल्याचे सुख आहे, आणि ज्या गोष्टीच्या संपण्यात आपल्याला सुख वाटते तिच्यात आपण अजून रमलेलो नसतो.

तक्त्याचा हिशेब एकदा नीट पाहू. आपल्या पवित्र शास्त्रात १,१८९ अध्याय आहेत, म्हणजे वर्षभरात ते संपवायचे तर रोज सव्वातीन अध्याय वाचावे लागतात. ही पद्धत मी टाकाऊ मानत नाही, कारण संपूर्ण शास्त्राची ओळख व्हायला तिचा फार उपयोग होतो. पण अशा तक्त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध तक्ता ज्यांनी तयार केला, त्यांचेच म्हणणे आपण ऐकावे असे मला वाटते. स्कॉटलंडमधील डंडी येथील तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी रोजच्या वाचनाची आखणी केली, जिच्यात वर्षभरात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा वाचून होतात. पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी ते वारले, आणि ती आखणी आजही जगभर वापरली जाते. तिच्यासोबतच्या पत्रात त्यांनी फायदे सांगण्याच्या आधी धोके सांगितले आहेत. वाचन हा निव्वळ उपचार होऊन बसेल. वाचले म्हणून स्वतःच्या धार्मिकतेचा अभिमान वाटू लागेल. वाचन निष्काळजीपणे होईल. आणि काहींना ते न झेपणारे जू होईल. ज्याला ते जड होईल त्याने ही बेडी टाकून द्यावी आणि देवाच्या गोड बागेत मोकळेपणाने चरावे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. तक्ता करणाऱ्यानेच एवढी मोकळीक दिली असताना आपण स्वतःला अपराधी का समजावे?

त्यांनी ‘चरावे’ या अर्थाचा शब्द वापरला आहे, आणि चरण्याच्या पुढची पायरी आपल्याला तेविसाव्या स्तोत्रात सापडते. आपण श्रीरामपूरला राहता, म्हणजे दिवाळीनंतर रानात उतरलेले धनगरांचे वाडे आपण पाहिले असतील. शेतकरी आपल्या वावरात मेंढरे ‘बसवून’ घेतो, ती लेंडीखतासाठी. संध्याकाळी मेंढरे वाघुरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात घेतली, ती दाटीवाटीने खाली बसली, की थोड्याच वेळात कळपभर एक हालचाल सुरू होते. दिवसभर भराभर तोडलेला पाला परत तोंडात येतो, डोळे अर्धवट मिटतात, आणि खालचा जबडा संथपणे एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरू लागतो. पोटात गेलेला चारा अंगी लागतो तो या वेळी. आता स्तोत्र पाहा. मेंढपाळ मला हिरव्या कुरणात चरवतो, एवढेच दावीद म्हणू शकला असता. पण तो म्हणतो, ‘बसवतो’. भुकेले किंवा भ्यालेले मेंढरू बसत नाही. जे पोटभर चरले आहे आणि ज्याला धनगर जवळ असल्याची खात्री आहे, तेच बसते व रवंथ करते. मध्ययुगातील मठवासी शास्त्रावरील मननाला लॅटिनमध्ये रवंथ याच अर्थाचा शब्द वापरीत, आणि तो मला फार योग्य वाटतो. भगिनी, आपण दोन महिने रोज पहाटे चरत आहात, पण एक दिवसही बसलेल्या नाहीत.

मनन म्हणजे डोळे मिटून खोल विचार करणे, अशी आपली समजूत असते, आणि म्हणूनच पुष्कळांना ते आपल्या आवाक्याबाहेरचे वाटते. पहिल्या स्तोत्रात जे मूळ हिब्रू क्रियापद आहे त्याचा अर्थ मात्र पुटपुटणे, गुणगुणणे असा आहे. यशयाच्या एकतिसाव्या अध्यायात शिकारीवर उभा राहून गुरगुरणाऱ्या सिंहासाठी, आणि अडतिसाव्या अध्यायात कबुतराच्या कण्हण्यासाठी हेच क्रियापद आले आहे. यहोशवाला रात्रंदिवस मनन करायला सांगताना परमेश्वर त्याला नियमशास्त्र मुखी ठेवायला सांगतो. म्हणजे मननाची सुरुवात ओठांवर होते, आणि ओठ हलवणे कोणालाही जमते. मधाच्या उपमेतही हेच आहे. एकशे एकोणिसाव्या स्तोत्रात वचन मधाहून गोड लागते ते तोंडाला, आणि चमचाभर मध औषधाच्या गोळीसारखा पाण्याबरोबर गिळून टाकला तर तो पोटात जातो, पण गोड लागत नाही.

हे मी आईकडून शिकलो, पुस्तकांतून ते नंतर कळले. ती दुपारी गहू निवडायला बसत असे. सुपातले खडे बाजूला काढताना तिचे ओठ हलत असत, आणि जवळ गेले की सकाळच्या शास्त्रपाठातली एखादी ओळ ऐकू येई. तेविसावे स्तोत्र म्हणताना मृत्युच्छायेच्या दरीपाशी तिचा आवाज खाली उतरायचा, जणू खोलीत दुसरे कोणी येऊन बसले आहे आणि ती त्याच्याशी बोलते आहे. तो आवाज का बदलतो हे मला लहानपणी कळत नसे. पुढे कितीतरी वर्षांनी, हेच स्तोत्र मी स्वतः सावकाश मोठ्याने वाचत असताना, ते एकाएकी दिसले. पहिल्या तीन ओव्यांत दावीद मेंढपाळाविषयी बोलतो: तो मला बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो. दरीत पाऊल पडताच ‘तो’ गळून पडतो आणि ‘तू माझ्याबरोबर आहेस’ असे शब्द येतात. हिरव्या कुरणात देवाविषयी बोलून भागत होते. अंधारात त्याच्याशीच बोलावे लागले. हे मी त्याआधी शेकडो वेळा वाचले होते, त्यावर उपदेशही केला होता, आणि तरीही ते मला दिसले नव्हते. त्या सकाळी मला झालेला आनंद कोणत्याही तक्त्यावरील खुणेने झाला नव्हता.

आता आपल्या पहाटेविषयी. तक्ता भिंतीवर राहू द्या, पण काही महिने त्याला हात लावू नका. एकच अध्याय घ्या, तोही लहान, आणि आपल्या स्वतःच्या कानांना ऐकू येईल अशा आवाजात दोनदा वाचा. जिथे जीभ अडखळेल किंवा मन टोचेल ती ओळ धरा आणि ती घेऊनच पोळ्या लाटायला जा. त्या ओळीतून काही मोठे निष्पन्न झाले पाहिजे असा हट्ट धरू नका. पोळपाटावर तिचे चार शब्द दहा वेळा तोंडातून गेले, तरी त्या दिवसाचे मनन झाले असे समजा. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे हजारो अनाथ मुलांचा सांभाळ करणारे जॉर्ज म्युलर यांनी १८४१ मध्ये लिहून ठेवले आहे की रोज सकाळी आपला आत्मा प्रभूमध्ये आनंदी करणे, हे आपले पहिले काम आहे असे त्यांना उमगले. त्याआधी वर्षानुवर्षे ते उठताच प्रार्थनेला गुडघे टेकीत, आणि पहिली दहा-पंधरा मिनिटे, कधी अर्धा तासही मन भटकण्यात जाई. मग त्यांनी क्रम बदलला: आधी वचन, त्यावर मनन, आणि त्यातून जी निघेल ती प्रार्थना. याच म्युलर यांचे चरित्र पंडिता रमाबाईंनी वाचले होते आणि केडगावच्या मुक्तिसदनाच्या विश्वासाला त्यातून बळ मिळाले, म्हणून ब्रिस्टलचा हा मनुष्य आपल्याला तितकासा परका नाही.

लेवीयबद्दलही एक गोष्ट सांगायची आहे, कारण आपल्याप्रमाणे अनेकांचे वाचन नेमके तेथेच रुतते. ते पुस्तक एकटे वाचू नका. त्याचा तेरावा अध्याय आणि मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायाचा शेवट, हे एका बैठकीत वाचा. लेवीयमध्ये कुष्ठ्याने फाटके कपडे घालावेत, केस मोकळे सोडावेत, ‘अशुद्ध! अशुद्ध!’ असे ओरडावे आणि छावणीबाहेर एकटे राहावे, असा नियम आहे. आता मार्क उघडा. असाच एक मनुष्य येशूपुढे गुडघे टेकतो आणि येशू हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. नुसत्या शब्दानेही तो बरा झाला असता. पण किती काळ त्या माणसाला कोणाचा हात लागला नव्हता, हे लेवीय वाचल्यावाचून आपल्याला कळत नाही. शेवटच्या ओळीत तर असे आहे की त्यानंतर येशूला उघडपणे गावात जाता येईना आणि तो बाहेर एकांतात राहू लागला. ज्याला छावणीबाहेर राहावे लागत होते तो गावात परतला, आणि त्याच्या जागी प्रभू बाहेर राहिला. लेवीयचा कोरडा वाटणारा नियम कोणाचे ओझे सांगत होता, ते इथे दिसते.

प्रश्न : माझ्या कार्यालयात अनेकजण ध्यानाला बसतात, श्वासावर लक्ष ठेवतात, आणि त्यांना त्याचा फायदाही होतो. आपण ज्याला शास्त्रावरील मनन म्हणतो ते तेच आहे काय? मी प्रयत्न केला, पण माझे मन दोन मिनिटेही स्थिर राहत नाही. हात आपोआप फोनकडे जातो.
(एक तरुण वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांच्या साधनेविषयी आपण आदर ठेवता, हे मला आवडले. ‘मनन’ हा शब्द आपल्या भाषांतरकारांना भारतीय परंपरेतून आयता मिळाला. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला श्रवण, मनन आणि निदिध्यासन करायला सांगतो, आणि आधी ऐकावे, मग ऐकलेले मनात घोळवावे, हा क्रम आपल्यालाही अगदी ओळखीचा वाटतो. फरक एवढाच की शास्त्रावरील मननात मन रिकामे करायचे नसते. समोर कोणीतरी बोलतो आहे आणि त्याचे बोलणे मनात घ्यायचे आहे, अशी ती बैठक असते. मेंढपाळांनी सांगितलेल्या गोष्टींचे मरीयेने मनन केले असे लूक लिहितो, तेथील ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ गोष्टी एकमेकींशेजारी ठेवणे असा आहे. देवदूताचा निरोप, गव्हाणी, आणि रानातून धावत आलेली अनोळखी माणसे, हे सारे तिने शेजारी शेजारी मांडून पाहिले.

तेव्हा मन स्थिर नसणे हे मननाच्या आड येतेच असे नाही. सत्त्याहत्तरावे स्तोत्र वाचा. स्तोत्रकर्ता आसाफ रात्री झोपेविना मनन करतो आहे आणि त्या मननातून एकामागून एक सहा प्रश्न बाहेर पडतात. देव कृपा करायला विसरला काय, इथपर्यंत त्याची मजल जाते. आपले मन भटकते तेव्हा ते कुठे भटकले ते पाहा, आणि तीच काळजी घेऊन ओळीकडे परत या. फोन मात्र दुसऱ्या खोलीत ठेवा आणि कागदावर छापलेले शास्त्र घ्या, म्हणजे ओळीवर बोट ठेवता येते. मन निसटले तरी बोट तिथेच असते.

प्रश्न : आमच्याकडे आजोबांच्या वेळची जुनी प्रत आहे. तिची भाषा मला जड जाते. सोपे भाषांतर आणले तर वडीलधाऱ्यांना ते शास्त्राची किंमत कमी केल्यासारखे वाटते. काय करावे?
(एक विद्यार्थिनी, अहिल्यानगर)

उत्तर : दोन्ही प्रती टेबलावर ठेवा. पाठ करायला जुनी भाषा चांगली, कारण तिला लय आहे आणि ती आजोबांच्या आवाजात आपल्या कानावर पडलेली आहे. समजून घ्यायला सोपी भाषा हवी. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक शिकून आयुष्याची शेवटची वर्षे ज्या भाषांतराला दिली, ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि साध्यासुध्या बायकांना कळेल अशी मराठी असावी हाच त्यामागे त्यांचा ध्यास होता. संस्कृतात पारंगत असलेल्या विदुषीला सोप्या भाषेत कमीपणा वाटला नाही, हे वडीलधाऱ्यांना नम्रपणे सांगून पाहा. एकच ओळ दोन भाषांतरांत वेगळी दिसली की आपोआप थांबावे लागते, आणि थांबलो की मनन सुरू झालेच.

प्रश्न : माझी पत्नी गेल्या पावसाळ्यात प्रभूच्या घरी गेली. चाळीस वर्षे रात्री जेवणानंतर ती शास्त्र वाचायची आणि मी ऐकायचो. तिचे पवित्र शास्त्र कपाटावर आहे, ते मला उघडवत नाही. मंडळीतील बंधू प्रेमाने येतात आणि ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे वचन आठवण करून देतात. मला आनंद होत नाही आणि होत नाही म्हणून अधिकच अपराधी वाटते.
(एक वाचक, मिरज)

उत्तर : प्रिय बंधू, आपले पत्र मी काही दिवस तसेच जवळ ठेवले, घाईने उत्तर द्यायला मन होईना. ते वचन फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील आहे आणि ते लिहिणारा पौल तेव्हा बंदिवासात होता, हे आपल्याला ठाऊकच आहे. त्याच पत्राचा दुसरा अध्याय पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. आपला सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला, याविषयी पौल तेथे लिहितो की देवाने त्याच्यावर दया केली, आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झाले असते. सर्वदा आनंद करा असे सांगणारा मनुष्य, सोबती गेला असता तर आपण दुःखात बुडालो असतो, हे लपवत नाही. आपला सोबती परत आलेला नाही. आपल्याकडून कोरडे डोळे पौलाने मागितले असते, असे मला मुळीच वाटत नाही.

यिर्मयाचा पंधरावा अध्याय आपण कधीतरी पाहावा, आजच पाहावा असे नाही. तुझी वचने मला सापडली, ती मी खाल्ली आणि ती माझ्या अंतःकरणाचा आनंद झाली, असे तो सोळाव्या ओवीत म्हणतो. हे वचन आपल्याकडे सुंदर अक्षरांत भिंतीवर लावतात. त्याच्या पुढे दोनच ओव्यांनंतर तो देवाला विचारतो की माझे दुःख का संपत नाही, आणि ज्याचे पाणी आटते अशा फसव्या ओढ्यासारखा तू मला होणार काय? ही ओवी भिंतीवर लावलेली मी कुठेही पाहिली नाही, पण शास्त्राने ती गाळलेली नाही. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधार या शब्दावरच संपते, शेवटी उजेडाची एक ओळसुद्धा नाही, आणि तरीही ते आरंभापासून देवाशी केलेले बोलणे आहे. आपल्याला न होणाऱ्या आनंदाचे गाणे म्हणावे लागत नाही. आपल्या आजच्या अवस्थेचेही स्तोत्र त्या पुस्तकात आधीच लिहून ठेवलेले आहे.

एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. चाळीस वर्षे आपण ऐकणारे होतात. आता एकदम वाचणारे होण्याची सक्ती स्वतःवर करू नका. जे बंधू प्रेमाने येतात त्यांना सांगा की उपदेश नको, पण आठवड्यातून एक दिवस येऊन एक स्तोत्र वाचून दाखवा, आणि मग इथेच जेवा. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्राने नियमशास्त्र वाचले तेव्हा सर्व लोक आधी रडले. मग त्यांना सांगण्यात आले की जा, मिष्टान्न खा, आणि ज्याच्या घरी काही शिजलेले नाही त्याच्याकडे वाटा पाठवा. परमेश्वराचा आनंद हे आपले सामर्थ्य आहे, हे सुप्रसिद्ध वचन याच जेवणाच्या निरोपात आले आहे.

आणि कपाटावरचे ते शास्त्र. कधीतरी हात जाईल तेव्हा ते पहिल्या पानापासून उघडू नका. इतकी वर्षे रोज वाचणाऱ्या व्यक्तीच्या प्रतीत पेन्सिलीच्या रेघा असतात, एखादी तारीख असते, दुमडलेला कोपरा असतो, वाचताना बोट फिरून मळलेला समास असतो. तिने रेघ मारलेली एकच ओळ वाचा आणि मिटून ठेवा. तिने ती ओळ का खुणावली असेल याचा विचार करीत बसलात, तर ते मनन आहे, आणि त्यात ती आपल्यासोबत असेल.

प्रश्न : माझ्या सासूबाई शाळेत कधी गेल्या नाहीत. माझी चौथीतली मुलगी त्यांना रोज संध्याकाळी शास्त्र वाचून दाखवते. त्या पुनःपुन्हा रूथचेच पुस्तक वाचायला लावतात आणि मध्येच थांबवून काहीतरी बोलत बसतात. मुलीला कंटाळा येतो, आणि सासूबाईंना त्यातले कितपत समजते याची मला शंका आहे. त्यापेक्षा त्यांनी प्रार्थनाच केली तर बरे नाही का?
(एक भगिनी, सावंतवाडी)

उत्तर : नाही, कृपा करून हे वाचन बंद करू नका. प्रकटीकरणाच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या ओवीत वाचून दाखवणारा धन्य म्हटला आहे तो एक, आणि ऐकणारे धन्य म्हटले आहेत ते अनेक, कारण त्या काळी मंडळीत एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे अशीच रीत होती. एकटा मनुष्यसुद्धा मोठ्याने वाची. रथात बसून यशया वाचणाऱ्या कूशी अधिकाऱ्यापाशी फिलिप्प धावत गेला तेव्हा त्याला ते वाचन ऐकू आले, असे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. आपल्या भागाजवळचेच उदाहरण द्यायचे तर गोव्यात साष्टीतील राचोल येथे १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपीत छापला होता, पण तो ओवीत रचला होता आणि देवळांत वाचून दाखवला जात असे. जन्माने इंग्रज असलेल्या त्या धर्मगुरूने ओवी निवडली, कारण त्याच्यासमोरची माणसे शास्त्र कानांनी घेणारी होती आणि ओवी कानात राहते. आपल्या सासूबाई त्याच परंपरेतल्या आहेत.

त्या मध्येच थांबवून बोलतात, याचा आपल्याला त्रास वाटतो. मला तर हाच आपल्या पत्रातला सर्वांत सुंदर भाग वाटला. वर श्रीरामपूरच्या भगिनींना जे रवंथ मी एवढे समजावून सांगितले, ते आपल्या ओसरीवर रोज संध्याकाळी चालू आहे. त्या काय बोलतात ते एकदा शेजारी बसून ऐका. आणि रूथचेच पुस्तक का, याचा विचार करा. चारच अध्यायांची ती सासू-सुनेची गोष्ट आहे. नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून नामी बेथलेहेमला परतते तेव्हा गावच्या बायकांना म्हणते की मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, कारण माझे आयुष्य कडू झाले आहे. शेवटच्या अध्यायात त्याच गावच्या बायका रूथचे बाळ पाहून म्हणतात, नामीला मुलगा झाला. जिला एकही अक्षर वाचता येत नाही अशी वृद्ध स्त्री ही गोष्ट पुन्हा पुन्हा मागते, तेव्हा तिला ती समजली नसेल असे मला वाटत नाही. कदाचित आपल्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा अधिकच समजली असेल.

मुलीचा कंटाळा घालवायला एक करता येईल. एक दिवस नात वाचेल आणि दुसऱ्या दिवशी आजी तीच गोष्ट आपल्या शब्दांत सांगेल, असा पाळीपाळीचा नेम ठेवा. चुकले तर नातीने दुरुस्त करावे. मुलांना मोठ्यांच्या चुका काढायला आवडते. आणि चौथा अध्याय वाचताना, नामीने बाळ घेऊन आपल्या उराशी धरले या ओळीपाशी मुलीला थोडे थांबायला सांगा. आजी तेव्हा काय म्हणते ते लिहून घ्या आणि जमले तर आम्हालाही कळवा.